मुक्त पाठ्यपुस्तके आणि आपली मुले
(संस्थेच्या जयंती महोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जयंतीच्या व्यासपीठावरून बाबासाहेबांच्या जीवनकार्याविषयी बोलण्याचा प्रघात आहे आणि तो उचितच आहे. संयोजकांनी आम्हांस शिक्षणावर बोलण्याची सूचना केली, तेव्हा आम्ही मुद्दाम एक लहानसा वाटणारा विषय निवडला. तो म्हणजे कॉलेजच्या पाठ्यपुस्तकाची किंमत. या सभागृहातील अनेक घरांतून येत्या ऑगस्टमध्ये एखादा मुलगा अथवा मुलगी कॉलेजची पायरी चढेल. शिक्षणशुल्क, वसतिगृह, भोजन यांचे हिशेब आईवडिलांनी वर्षभर आधी मांडलेले असतात. पुस्तकांचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही. तो पहिल्या आठवड्यात मुलाच्या फोनवरून कळतो.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन. त्यातच स्वतःचे भागवायचे, घरीही पैसे पाठवायचे आणि उरेल त्यातून ग्रंथ घ्यायचे. तरीही तेथील वास्तव्यात त्यांनी जुनी अशी सुमारे दोन हजार पुस्तके जमविली, असे धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदविले आहे. हातात पैसा नसलेल्या विद्यार्थ्याला त्या काळी दोन वाटा मोकळ्या होत्या. एक विद्यापीठाच्या ग्रंथालयाची, दुसरी जुन्या पुस्तकांच्या बाजाराची. आपल्या मुलांच्या काळात पाठ्यपुस्तकांपुरत्या या दोन्ही वाटा अरुंद होत गेल्या आहेत. त्या कशा अरुंद झाल्या आणि तिसरी वाट कोणती निघाली, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम काही आकडे. अमेरिकी संसदेसाठी हिशेबतपासणी करणारे जे सरकारी कार्यालय आहे, त्याच्या २००५ च्या अहवालानुसार डिसेंबर १९८६ ते डिसेंबर २००४ या अठरा वर्षांत कॉलेजच्या पाठ्यपुस्तकांच्या किमती १८६ टक्क्यांनी वाढल्या. त्याच काळात सर्वसाधारण महागाई ७२ टक्क्यांनी वाढली होती. पुढे श्रमसांख्यिकी विभागाने दाखवून दिले की जानेवारी २००६ ते जुलै २०१६ या काळात त्यांत आणखी ८८ टक्क्यांची भर पडली. त्यानंतर हा वेग मंदावला. भाड्याची पुस्तके आणि डिजिटल प्रती यांमुळे विद्यार्थ्याचा प्रत्यक्ष खर्च उतरलाही आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि तो उतरण्याचे एक कारण असेही आहे की अनेक मुले पुस्तक घेतच नाहीत. फ्लोरिडा राज्यातील सार्वजनिक उच्चशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांची २०१६ साली पाहणी झाली, तीत ६६.६ टक्के विद्यार्थ्यांनी किंमत परवडत नाही म्हणून नेमलेले पुस्तक विकत घेतले नसल्याचे सांगितले. याच कारणाने कमी विषय घेणारे आणि घेतलेला विषय अर्ध्यावर सोडणारेही त्यांत होते.

शिक्षणशुल्कापुढे पुस्तकांचा खर्च किरकोळ आहे, असे कोणी म्हणेल. वार्षिक बेरजेत तो किरकोळच आहे. पण शुल्कासाठी सरकारी अनुदान मिळते, कर्ज मिळते, हप्ते पाडून घेता येतात. पुस्तकाला पहिल्या आठवड्यात रोख पैसे लागतात. ज्या मुलाचा अनुदानाचा धनादेश तिसऱ्या आठवड्यात येतो, तो पहिले दोन आठवडे पुस्तकाविना वर्गात बसतो आणि रसायनशास्त्रासारख्या विषयात ते दोन आठवडे पुढे भरून निघत नाहीत. आपल्यातील काही कुटुंबांची अडचण तर याहून मोठी आहे. आईवडिलांच्या कामाच्या व्हिसावर येथे वाढलेल्या मुलांना केंद्र सरकारचे शैक्षणिक अनुदान मिळत नाही, आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांना स्वतंत्र विद्यार्थी व्हिसा शोधावा लागतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर महाराष्ट्रातून येणारी आपली मुले रुपयांत विचार करतात आणि डॉलरमध्ये खर्च करतात. दोनशे डॉलरचे पुस्तक पाहून त्यांना काय वाटते, ते त्यांनीच सांगावे.

किमती एवढ्या का चढल्या? आम्ही पेशाने वैद्य असल्याने या रोगाचे निदान आम्हांस ओळखीचे वाटते. औषध डॉक्टर लिहून देतो आणि पैसे रुग्ण मोजतो. लिहून देणाऱ्याला किंमत ठाऊक असेलच असे नाही, आणि मोजणाऱ्याला औषध बदलण्याचा अधिकार नाही. पाठ्यपुस्तकाचे नेमके तसेच आहे. पुस्तक प्राध्यापक नेमतो, विकत विद्यार्थी घेतो. अशा बाजारात किंमत खाली आणणारे बळच उरत नाही. २००८ च्या उच्च शिक्षण कायद्याने प्रकाशकांनी प्राध्यापकांस किंमत कळवावी आणि कॉलेजांनी शक्य तेथे विषयांच्या वेळापत्रकातच पुस्तकांची नावे व किमती द्याव्यात असे ठरवून दिले, ते याच कारणाने. औषधांच्या बाबतीत १९८४ च्या कायद्याने जेनेरिकचा मार्ग रुंद केला आणि रुग्णांना थोडा श्वास मिळाला. पाठ्यपुस्तकांना असे जेनेरिक दीर्घकाळ नव्हते.

त्यात नव्या आवृत्त्यांची भर. दर तीन-चार वर्षांनी नवी आवृत्ती निघते, प्रकरणांचा क्रम बदलतो, उदाहरणांचे आकडे बदलतात आणि आदल्या वर्षीचे पुस्तक रद्दीत जाते. संसर्गजन्य रोगांचे पुस्तक बदलावेच लागते, याविषयी आमचे दुमत नाही. पण प्रौढ माणसाच्या शरीरात हाडे २०६ होती आणि २०६ च आहेत. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमधील बहुतेक भाग दोन-तीन शतकांपूर्वीच स्थिर झाला आहे. त्यासाठी दर तीन वर्षांनी नवे पुस्तक कोणाच्या हितासाठी निघते, हे सांगावयास नको.

आमच्या पिढीतील जे भारतात शिकले त्यांना ‘ईएलबीएस’ ही अक्षरे आठवत असतील. ब्रिटिश सरकारच्या अनुदानाने तेथील पाठ्यपुस्तके आपल्याकडे स्वस्त आवृत्तीत मिळत. डेव्हिडसनचे मेडिसिन आणि बेली-लव्हची सर्जरी आम्ही त्याच आवृत्त्यांत वाचली. समाजकल्याण खात्याची बुक बँकही होती. दोन विद्यार्थ्यांत मिळून पुस्तकांचा एक संच. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक कोणाच्या खोलीत राहणार, यावरून अबोला धरलेले मित्र आजही एकमेकांना फोन करतात आणि त्या गोष्टीवर हसतात. या दोन्ही योजनांचे ऋण आम्ही मानतो. त्यांच्याविना या सभागृहातील कित्येक पदव्या पूर्ण झाल्या नसत्या. परंतु दोन्ही योजना देणाऱ्याच्या मर्जीवर उभ्या होत्या. ब्रिटिश अनुदान थांबले आणि १९९७ साली ‘ईएलबीएस’ बंद झाली. बुक बँकेत कोणती पुस्तके येणार आणि केव्हा येणार, हे विद्यार्थ्याच्या हाती कधीच नव्हते.

भारतातील स्वस्त आवृत्ती बॅगेतून येथे आणण्याचा उद्योग आपल्यापैकी पुष्कळांनी केला आहे. अशाच एका उद्योगाचे प्रकरण या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सुपाप कर्टसेंग हा थायलंडचा विद्यार्थी येथे गणित शिकत होता. मायदेशातील नातलगांकडून तो त्याच पुस्तकांच्या तेथील स्वस्त इंग्रजी आवृत्त्या मागवी आणि येथे विकी. जॉन वायली या प्रकाशनसंस्थेने त्याच्यावर दावा लावला. ज्यूरीने त्याला सहा लाख डॉलरची भरपाई ठोठावली. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल फिरविला. कायदेशीररीत्या विकत घेतलेले पुस्तक, मग ते कोणत्याही देशात छापलेले असो, पुन्हा विकण्याचा अधिकार घेणाऱ्याचा आहे, असे न्यायालय म्हणाले. जुन्या पुस्तकांच्या बाजाराचा हा मोठाच विजय होता.

पण तोवर बाजाराखालची जमीन सरकू लागली होती. आता अनेक विषयांत पुस्तकासोबत एक ‘ॲक्सेस कोड’ विकला जातो. गृहपाठ, चाचण्या, गुण सारे त्या कोडमागे. तो एका विद्यार्थ्यापुरता, एका सत्रापुरता असतो. तो मित्राकडून उसना घेता येत नाही, धाकट्या बहिणीला देता येत नाही, ग्रंथालयातून आणता येत नाही. काही कॉलेजांत तर डिजिटल पुस्तकाची रक्कम आपोआप शुल्काच्या बिलात धरली जाते. नको असल्यास ठरावीक तारखेच्या आत तसे कळवावे लागते. हा दर छापील किमतीहून कमी असतो, हे खरे. पण सत्र संपले की पुस्तक नाहीसे होते. पैसे देऊन विद्यार्थ्याने पुस्तक घेतले नाही, काही महिने डोकावण्याची परवानगी घेतली. बाबासाहेबांनी ज्या बाजारात दोन हजार ग्रंथ जमविले, त्या बाजारात आजच्या या ‘पुस्तकाला’ जागाच नाही.

आता तिसरी वाट. ज्यांना आम्ही मुक्त पाठ्यपुस्तके म्हणतो ती फुकट असतात. पण फुकट असणे हे त्यांचे दुय्यम लक्षण आहे आणि येथे बराच घोटाळा होतो. एखाद्या कंपनीने चार दिवस पुस्तक फुकट वाचू दिले तर ते मुक्त होत नाही. मुक्तपणा परवान्यात असतो. २००१ साली क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था स्थापन झाली आणि डिसेंबर २००२ मध्ये तिने लेखकांसाठी परवान्यांचे तयार मसुदे प्रसिद्ध केले. त्यांतील सर्वांत उदार परवान्याचा गाभा असा, की मूळ लेखकाचे नाव द्या, बदल केल्यास तसे सांगा. मग पुस्तक जवळ ठेवा, त्याच्या प्रती काढा, छापा, वाटा, विका, त्यात फेरफार करा, भाषांतर करा. आणि ज्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे ती ही, की अटी पाळणाऱ्याकडून हा परवाना परत घेता येत नाही. उद्या लेखकाचे मन बदलले, प्रकाशन बंद पडले, देणगीदार निघून गेले, तरी आपल्या हाती आलेल्या प्रतीवरील आपला अधिकार कायम राहतो.

आपल्या चळवळीला या फरकाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला, आणि तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या माणसांना त्या पाण्याला हात लावता आला नव्हता. पुढे ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. न्यायालयाचा अंतिम निकाल यायला मार्च १९३७ उजाडला. पुस्तकाची आणि पाण्याची तुलना बरोबरीची नाही. महाडला माणसांनी मार खाल्ला आहे. पण दिलेली सवलत आणि मागे घेता न येणारा हक्क यांतले अंतर आपल्या लोकांनी तेथे मोजले, आणि तळे कागदावर खुले झाले तरी कोणी तरी जाऊन ओंजळ भरावी लागते, हेही तेथेच पाहिले.

मुक्त पाठ्यपुस्तकांचे तळे सध्या तसेच भरून आहे. टेक्सासमधील राइस विद्यापीठात रिचर्ड बॅरानिक या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी १९९९ साली एक प्रकल्प सुरू केला, त्यातूनच २०१२ साली ‘ओपनस्टॅक्स’ उभे राहिले. भौतिकशास्त्र आणि समाजशास्त्र ही त्यांची पहिली पुस्तके. आज तेथे पदार्थविज्ञानापासून लेखाशास्त्रापर्यंत साठांहून अधिक पुस्तके आहेत. ती पदरचा वेळ घालून कोणी हौसेने लिहिलेली नाहीत; लेखकांना मोबदला दिला जातो, तज्ज्ञांकडून तपासणी होते, खर्च देणगीदार प्रतिष्ठाने उचलतात. संगणकावर ती विनामूल्य मिळतात आणि ज्याला कागद हवा त्याला छापील प्रत माफक किमतीत मिळते. मिनेसोटा विद्यापीठाच्या मुक्त पाठ्यपुस्तक ग्रंथालयात हजारांहून अधिक पुस्तकांची सूची आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत २००८ साली रसायनशास्त्राच्या नोंदींपासून सुरू झालेले ‘लिब्रेटेक्स्ट्स’ आता अनेक विषयांत पसरले आहे.

आमच्या विषयापुरते आम्ही खात्रीने बोलू शकतो. ओपनस्टॅक्सचे शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे पुस्तक २०१३ साली निघाले, त्याची अठ्ठावीस प्रकरणे आहेत. आम्ही ते बऱ्यापैकी बारकाईने वाचले आहे. नर्सिंग, रेडिओलॉजी तंत्रज्ञान, फिजिओथेरपी यांकडे वळणाऱ्या मुलांना पहिल्या दोन वर्षांसाठी ते पुरेसे आहे. भाषा सोपी आहे, कधीकधी जरा जास्तच सोपी. वैद्यकीय पदवीला ते पुरणार नाही, तसा त्याचा दावाही नाही. त्याच संस्थेने २०२४ साली नर्सिंगची पुस्तकेही काढली. आपल्या समाजातील कितीतरी मुली या व्यवसायात येत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

येथे एका जुन्या चित्रकाराची आठवण होते. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हा ग्रंथ १८५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ग्रे यांचे नाव जगभर झाले. त्यातील आकृत्या काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे एकरकमी मोबदला घेऊन त्याच वर्षी मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि सुमारे तीस वर्षे भारतात राहून कुष्ठरोगासारख्या गरिबांच्या रोगांवर संशोधन करीत राहिले. त्यांना पुस्तकाच्या विक्रीतून पुढे काही मिळाले नाही. त्या ग्रंथाच्या १९१८ च्या अमेरिकन आवृत्तीवर आता कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही आणि तीतील आकृत्या जगभर शाळकरी मुलेही उतरवून घेतात. एवढे होण्यास मुदत संपण्याची वाट पाहावी लागली.

जॉन मॅकमरी यांनी ती वाट पाहिली नाही. सेंद्रिय रसायनशास्त्रावरील त्यांचे पुस्तक १९८४ पासून मोठ्या व्यापारी प्रकाशनामार्फत निघत होते आणि डॉक्टर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या आहेत. त्यांचा मुलगा पीटर २०१९ साली सिस्टिक फायब्रोसिसने गेला. मॅकमरींनी पुस्तकाचे हक्क परत मिळविले आणि २०२३ साली त्याची दहावी आवृत्ती मुलाच्या स्मरणार्थ ओपनस्टॅक्सकडून विनामूल्य प्रसिद्ध केली. ज्या पुस्तकासाठी विद्यार्थी शेकडो डॉलर मोजत, ते आता कोणीही उतरवून घेतो.

आपल्या परंपरेत अशा दानाला नवे नाव शोधावे लागत नाही. ब्रिटिश ग्रंथालयात वज्रच्छेदिका सूत्राची एक चिनी गुंडाळी आहे. ती इसवी सन ८६८ सालची असून ज्यावर तारीख आहे अशा छापील ग्रंथांतील ती जगातील सर्वांत जुनी संपूर्ण प्रत मानली जाते. तिच्या शेवटी वांग जिए नावाच्या गृहस्थाने आपल्या मातापित्यांच्या नावे सर्वांना मोफत वाटण्यासाठी ती करवून घेतल्याची नोंद आहे. मुद्रणाच्या इतिहासात आपणांस ठाऊक असलेली पहिली तारीख धम्मदानाची आहे. आजही तैवानच्या एका बौद्ध प्रतिष्ठानाने छापलेला बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे आणि त्यासाठी आपण एक पैसाही दिलेला नाही.

या पुस्तकांनी अभ्यास खरोखर सुधारतो काय? जॉर्जिया विद्यापीठातील २१,८२२ विद्यार्थ्यांच्या निकालांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मुक्त पुस्तके लागू केल्यावर निकाल सुधारले, आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांत व अर्धवेळ शिकणाऱ्यांत ही सुधारणा अधिक दिसली, असा त्याचा निष्कर्ष आहे. आम्ही डॉक्टर लोक अशा निष्कर्षावर एकदम विश्वास ठेवीत नाही. ही चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना नव्हती. पुस्तक बदलताना प्राध्यापकाने शिकविण्याची पद्धतही सुधारली असेल. २०१९ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात शिकण्याच्या पातळीत फरक दिसला नाही, मात्र मध्येच विषय सोडून देणाऱ्यांचे प्रमाण मुक्त पुस्तकांच्या वर्गांत कमी आढळले. आमच्या मते एवढा निष्कर्ष पुरे आहे. महागड्या औषधाइतकेच गुणकारी औषध विनामूल्य मिळत असेल, तर ते अधिक गुणकारी असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर का टाकावी?

उणिवाही आहेत. गृहपाठ तपासणारी यंत्रणा बहुतेक मुक्त पुस्तकांसोबत तेवढी सज्ज नसते आणि दोनशे विद्यार्थ्यांचा वर्ग असलेल्या प्राध्यापकाला ती लागते. पदव्युत्तर विषयांत पुस्तके तुरळक आहेत; शाहू शिष्यवृत्तीवर येणाऱ्या मुलांना त्यांचा उपयोग मर्यादितच होईल. सारा डोलारा बराचसा प्रतिष्ठानांच्या देणग्यांवर उभा आहे. ज्याच्या घरी चांगला संगणक नाही त्याला पडद्यावरचे पुस्तक पुस्तक वाटत नाही. अशा मुलाला छापील प्रत घेऊन द्यावी. आणि शिक्षणशुल्काचा डोंगर या पुस्तकांनी इंचभरही हलत नाही, हे विसरू नये.

पालकांसाठी दोन गोष्टी. कॅलिफोर्निया, टेक्सास, ऑरेगॉन, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत कोणत्या विषयांना पुस्तकखर्च नाही अथवा कमी आहे हे वेळापत्रकातच दाखविण्याचे बंधन कायद्याने आहे. विषय निवडताना मुलांना ती खूण पाहावयास सांगा. ज्या राज्यांत ती खूण नसेल तेथे प्राध्यापकांना पत्र लिहून नम्रपणे विचारा, की यासाठी मुक्त पुस्तक चालेल काय, निदान जुनी आवृत्ती चालेल काय. आमचा अनुभव असा, की बरेच प्राध्यापक ‘चालेल’ म्हणतात. त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

परंतु या सभागृहात केवळ पालक नाहीत. प्राध्यापक आहेत, अभियंते आहेत, डॉक्टर आहेत. परवाना फेरफार करण्याची मुभा देतो, असे आम्ही म्हणालो. ओपनस्टॅक्सच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात सामाजिक स्तररचनेच्या प्रकरणात जातिव्यवस्था येते. अमेरिकेतील पहिल्या वर्षाचा विद्यार्थी जातीविषयी जे वाचतो ते पुष्कळदा एवढेच. ते त्रोटक आहे. याच देशात, ९ मे १९१६ रोजी, कोलंबियातील गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला आणि १९१७ साली तो प्रसिद्ध झाला. व्यापारी पुस्तकात दुरुस्ती हवी तर प्रकाशकाच्या दारात उभे राहावे लागते. मुक्त पुस्तकात आपल्यातील समाजशास्त्राचा कोणताही अध्यापक त्या प्रकरणाला बाबासाहेबांच्या मांडणीचे दहा पृष्ठांचे पूरक प्रकरण जोडून, आपल्या नावाने, उद्यापासून वर्गात लावू शकतो. कोणाची परवानगी नको.

दुसरे काम भाषांतराचे. नांदेड, अकोला, परभणीकडची आपली भाचरे बारावीपर्यंत मराठीतून शिकून कॉलेजात जातात आणि पहिल्याच सत्रात इंग्रजी पुस्तकाच्या भिंतीवर आदळतात. अभ्यास समजत नाही असे नव्हे, शब्द समजत नाहीत. ओपनस्टॅक्सचे भौतिकशास्त्र पोलिश भाषेत गेले आहे, काही पुस्तके स्पॅनिशमध्ये आहेत. मराठीला मज्जाव नाही. संपूर्ण पुस्तक भाषांतरित करू असे उत्साहात ठरवून तीन प्रकरणांनंतर थांबण्यापेक्षा, प्रत्येक प्रकरणाचा मराठी सारांश आणि दोन्ही भाषांतील शब्दसूची एवढेच प्रथम करावे, असे आम्हांस वाटते. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी आहेत. मात्र प्रत्येक पुस्तकाचा परवाना आधी वाचावा. कॅल्क्युलससारख्या काही पुस्तकांवर व्यापारी वापराची मनाई आहे.

छपाईविषयी थोडे. बाबासाहेबांचे लेखन व भाषणे यांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली काढले, माफक किमतीत दिले आणि ते खेडोपाडी पोहोचले. हे कार्य थोर आहे. पण पुढे छपाई रखडत गेली, ती इतकी की २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. दरम्यान भारतातील कायद्याची साठ वर्षांची मुदत संपून बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून तेथे सर्वांसाठी खुले झाले आहे. ‘जातिनिर्मूलन’ हे भाषण लाहोरच्या मंडळाने रद्द केले तेव्हा १९३६ साली त्यांनी ते स्वतःच्या खर्चाने छापले आणि पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. आज कोलंबिया विद्यापीठाच्या माजी प्राध्यापिका फ्रान्सेस प्रिचेट यांनी सिद्ध केलेली त्याची टिपांसह आवृत्ती कोणालाही विनामूल्य वाचता येते. छापणारा हात एकच असला आणि तो थांबला, की काय होते, हे आपण पाहिले आहे.

सभागृहाबाहेरच्या टेबलावर शरीररचना, समाजशास्त्र आणि सेंद्रिय रसायनशास्त्र या तीन पुस्तकांच्या छापील प्रती ठेवल्या आहेत. चहाच्या वेळी अवश्य चाळा. शेजारी एक वही आहे. समाजशास्त्राचे पूरक प्रकरण आणि शरीररचनेची मराठी शब्दसूची या दोन कामांसाठी ज्यांना महिन्याचे चार तास देणे शक्य आहे त्यांनी तीत आपले नाव व विषय लिहावा. शब्दसूचीच्या पहिल्या पाच प्रकरणांचा भार आम्ही स्वतः घेतला आहे. सहाव्यापासून माणसे हवी आहेत.

जयभीम.